गुरुवारचा पास्ता आणि माशांचा टोप

मी पास्ता कुकरला लावतो. एक शिट्टी काढतो, चमच्याने शिट्टी उचलून वाफ सोडतो, झाकण उघडतो आणि वरून चीजची एक वडी किसतो. एकच. आत कांदा असतो, लसूण असतो, चार लाल टोमॅटो, एक सिमला मिरची, एक गाजर, आणि आईने मे महिन्यात कुटून आणलेला घरचा मसाला. ऑलिव्हचं तेल नसतं. ती परदेशी सुगंधी पानंही नसतात, आमच्याकडे कोथिंबीर असते. माझी मुलगी म्हणते, "बाबा, इटलीतल्या माणसाने हे बघितलं ना, तर रडेल."

रडू दे. त्याने आमच्या घाटकोपरच्या तिसऱ्या मजल्यावर यावं, ऑफिसातून घरी येऊन पाऊण तासात पाच माणसांचं बिनमाशाचं जेवण उभं करावं, आणि मग खुशाल रडावं. रुमाल मी देईन.

हे मी ऐटीत सांगतोय. ही ऐट कुठून आली ते ऐकलंत तर हसाल. हसा.

मुलगी चार-पाच वर्षांची असताना आम्ही जुहूला गेलो होतो. बायको पोटऱ्यांएवढ्या पाण्यात उभी होती. एक लाट आली. लाट म्हणजे काय, कोणी बादली उपडी करावी इतपत पाणी. ती आडवी झाली आणि "बुडाले, बुडाले" करत तिने शेजारी भेळ खात उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थाच्या पॅंटचा पाय धरला. गृहस्थाने एका हाताने पॅंट धरली, दुसऱ्या हाताने भेळ. दोन्ही वाचलं. ही गोष्ट मी पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, आणि एकदा तर एका तेराव्याला सांगितली. नुसती सांगत नाही, करून दाखवतो. गृहस्थ मी, भेळ मी, बायकोही मीच.

गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नात पुन्हा करून दाखवली. घरी परतताना रिक्षात ती म्हणाली, "अजून किती लग्नांत सांगणार आहेस?"

"लोकांना आवडते गं."

"मला पोहायला शिकायचंय."

मी हसलो. ती हसली नाही. हे रिक्षा आमच्या गेटपाशी थांबेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही, आणि तोवर माझं हसू एकट्याचंच चाललं होतं.

तिने चौकशी केली, नाव नोंदवलं, आणि चार महिने वाट बघितल्यावर तिला जवळच्या एका तरणतलावात बायकांच्या वर्गात जागा मिळाली. दर गुरुवारी साडेसहा ते साडेसात. ऑफिसातून परस्पर तिथे जायचं, घरी यायला सव्वाआठ. वय सत्तेचाळीस. वर्गात सगळ्यात मोठी तीच, आणि तिच्यापेक्षा धाकट्या बायका तिला मावशी म्हणणार, हेही तिने हिशेबात धरलं होतं.

तिने धरलं नव्हतं ते एकच. गुरुवार.

इथे आमच्या घराचं शास्त्र सांगायला हवं. मासे खाणाऱ्या घरात माशांचा दिवस हा सुटीचा दिवस असतो. तिखलं, म्हणजे माशांचं तिखट कालवण झालं, भात झाला, संपलं. चार बांगडे तळले तर मेजवानी. पण सोमवार, गुरुवार, शनिवार आले की स्वयंपाकघराचं कंबरडं मोडतं. आमटी हवी, उसळ हवी, भाजी हवी, वर तोंडी लावायला काहीतरी हवं. एका माशाच्या जागी चार पदार्थ उभे करावे लागतात, आणि ते चौघं मिळूनही त्याची जागा भरत नाहीत. जेवण झाल्यावर माझे वडील मान हलवतात, म्हणतात, "बरा होता," आणि त्या 'बरा'मध्ये काय नव्हतं ते सगळ्यांना कळतं. त्यातून आईचा गुरुवारचा उपास. दिवसभर चहा आणि एक केळं, संध्याकाळी दत्ताची आरती, मग जेवण. तिचे गुडघे गेलेत, त्यामुळे ओट्यापाशी उभं राहणं बंद. गुरुवारचं सगळं बायकोच करायची.

जेवताना बायकोने विषय काढला. आईवडिलांसमोर ती मला अहो म्हणते, एरवी तू. ती म्हणाली, "अहो, आईंना सांगा ना, गुरुवारपासून माझा पोहण्याचा वर्ग आहे."

आई समोरच बसली होती. तिने ऐकलं आणि भात कालवत विचारलं, "ह्या वयात पाण्यात उतरान काय करतली?"

"पोहणार आहे, आई."

"आणि गुरवारी रांदतलो कोण?"

बायको माझ्याकडे बघत नव्हती. ताटाकडे बघत होती. मला ते भेळवाले गृहस्थ आठवले. मी म्हणालो, "मी रांधीन."

"तू? तुका चाय करूक येना नाय."

हे खोटं आहे. मला चहा येतो. तो गाळायचा असतो हे फक्त मी विसरतो.

वडील बसल्या जागी थरथरत होते. पंच्याऐंशीव्या वर्षी माणूस हसू दाबतो तेव्हा असं होतं. आई मात्र गंभीर होती. तिने अट घातली, आणि आईची अट म्हणजे कागदावर अंगठा. "एक गुरवार बघतंय. भायरसून मागवलंस तर ता जेवाण न्हय. घरात रांदूक होया. घर उपाशी निजला, तर दुसऱ्या गुरवारी ता घरात." 'ता' म्हणजे माझी बायको. म्हणजे ती पोहणार की नाही, हे मी काय रांधतो यावर ठरणार होतं. बिचारीने आयुष्यात याहून मोठी जोखीम घेतली नसेल. जुहूलाही नाही.

पास्ता हा माझ्या मुलीचा सल्ला. ती कॉलेजात आहे, तिला सगळं सोपं वाटतं. "बाबा, उकळायचा, गाळायचा, सॉसमध्ये टाकायचा. झकास. एकच पदार्थ, आमटी नाही, चपात्या नाहीत." मी नाक्यावरच्या वाण्याकडून नळकांड्यांसारखा पास्ता आणला, अर्ध्या किलोचं पाकीट. सोसायटीच्या गेटवर आमचं मित्रमंडळ बसलं होतं. त्यातल्या एकाने पिशवीत डोकावून विचारलं, "हे काय रे, पार्टी?"

मी खरं सांगितलं. खरं सांगू नये.

"वहिनी पोहायला आणि तू पास्ता? वाट लागली रे तुझी."

"लागू दे ना. तुझ्या घरी वाट लागायलासुद्धा कोणी उठत नाही."

दुसरा म्हणाला, "यार, एप्रन घाल हां, फोटो टाक." मी म्हणालो, "घालतो. तुलाही एक आणतो, तुझ्या मापाचा मिळाला तर." वरपर्यंत जाईस्तोवर मी मनात आणखी तीन उत्तरं तयार केली. ती अजून पडून आहेत.

गुरुवारी सव्वासहाला मी घरी पोचलो. आई बाहेरच्या खोलीत पोथी घेऊन बसली होती. वडील कोपऱ्यातल्या खुर्चीत. मी पाकीट उघडून वडिलांना एक नळी दाखवली. त्यांनी ती बोटांत फिरवून बघितली. उभं आयुष्य गिरणीत गेलं, त्यामुळे त्यांना जगात दोनच गोष्टी दिसतात, धागा आणि यंत्र. "ह्यो तर कांड्यो," ते म्हणाले. "सूत खंय आसा?"

पाकिटावर लिहिलं होतं, मोठ्या भांड्यात भरपूर पाणी घ्या. मी सूचना पाळणारा माणूस आहे. मोठं भांडं शोधलं. ओट्याखाली सगळी मध्यम. मग खिडकीजवळच्या फळीवर, एका बाजूला पालथा घातलेला, अॅल्युमिनियमचा एक भव्य टोप दिसला. त्याच्या शेजारी एक डावही लटकत होता. मी मनात म्हटलं, बघा, या बायकांना चांगल्या वस्तू लपवून ठेवायची सवयच असते. टोप काढला, पाणी भरलं, मीठ टाकलं, उकळी आल्यावर अर्ध्याहून जास्त पाकीट ओतलं, आणि तोच डाव घेऊन ढवळत उभा राहिलो. कांदा-टोमॅटो कापून पाटावर तयार होते. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

पाच मिनिटांनी वडील स्वयंपाकघराच्या दारात आले. काठी टेकून उभे राहिले. नाक वर.

"गुरवार मां रे आज?"

"हो."

"मगे तिरफळाचो वास खंयसून येता?"

तिरफळ, ते उग्र वासाचं कोकणी मसाल्याचं फळ, आमच्याकडे एकाच ठिकाणी पडतं, बांगड्याच्या तिखल्यात. मी वास घेतला. वाफेबरोबर एक ओळखीचा, अत्यंत रुचकर, आणि गुरुवारी अत्यंत बेकायदेशीर वास टोपातून वर येत होता. वडिलांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जणू साठ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांची गुरुवारी दखल घेतली होती.

आई वडिलांच्या मागे येऊन उभी होती. "ह्यो टोप कोणी काढलो?"

"मी. फळीवरून. सगळ्यात मोठा तोच होता."

"तो माशांचो टोप!"

आमच्या घरात माशांचा टोप वेगळा असतो, त्याचा डाव वेगळा, त्याची जागा वेगळी. शाकाहारी दिवशी त्याला कोणी बोटसुद्धा लावत नाही. ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत होती. वडिलांना माहीत होती. मुलीला माहीत होती. बावन्न वर्षं त्या टोपातलं तिखलं ओरपणाऱ्या मला माहीत नव्हती. माझ्यापर्यंत तिखलं नेहमी वाटीत आलं होतं. ते कुठून येतं हे मी कधी विचारलं नव्हतं, जसं नळाला पाणी कुठून येतं हे कोणी विचारत नाही.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "मी दूध पिवान निजतंय," आणि बाहेर जाऊन बसली.

सव्वासात वाजले होते. त्या क्षणी माझी बायको कुठल्यातरी निळ्या पाण्यात कठडा धरून पाय मारत असणार, आणि इथे तिचं पोहणं उकळून वाया चाललं होतं.

मुलगी फोन घेऊन आली. "बाबा, मागवू? अर्ध्या तासात येईल. आजीला सांगायचं नाही."

"नाही."

"मग हाच धुऊन दुसऱ्या भांड्यात काढ ना. कोणाला कळणार?"

हा विचार माझ्याही मनात आला होता, लपवत नाही. पास्ता नळाखाली खळखळून धुवायचा, कढईत टाकायचा, वर कोथिंबीर. पण वडील साक्षीदार होते, आणि वडिलांना गुपित दिलं की ते सरळ गॅलरीत जाऊन समोरच्या इमारतीला सांगतात. शिवाय आई दिवसभराच्या उपाशी पोटी समोर बसली होती. तिला फसवून खायला घालायचं, आणि वर बायकोला म्हणायचं की बघ, तुझ्यासाठी जिंकलो? माझ्या बऱ्याच चुका आहेत, पण त्या सगळ्या मूर्खपणाच्या आहेत. ही लबाडीची झाली असती.

मग माझं डोकं फिरलं. रागाने नाही, हट्टाने. एक टोप चुकला म्हणून बाई पाण्याबाहेर? अशी कशी?

मी गॅस बंद केला. पास्ता गाळून वडिलांना आणि मुलीला दिला. वडिलांनी ताटली गॅलरीत नेली, वर लसणीची चटणी घेतली, आणि गुरुवारी बांगड्याच्या वासाचं काहीतरी खायला मिळाल्याच्या समाधानात गप्प झाले. गॅस पुसला. हातपाय धुतले. मग एक पातेलं घेऊन आईसमोर उभा राहिलो.

"हे चालेल?"

"तुका कित्याक होया? मी जेवचंय नाय."

"तू जेव नाहीतर नको जेवूस. हे चालेल का ते सांग."

"ता दुधाचा."

आत गेलो, दुसरं आणलं. "हे?"

"त्येका भोक आसा."

"मग ठेवलंय कशाला?"

"तुझ्या आजीचा."

तिसरं आणलं तर ते पातेलं नव्हतंच, देवाचं तामण होतं. तिने कपाळाला हात लावला. पण ती आता माझ्याकडे बघत होती, एवढं मी टिपलं. चौथ्या खेपेला मी कुकर उचलून आणला. "हा?"

"कुकरात मासे कोण शिजवता?" ती अशा स्वरात म्हणाली, जणू मी विचारलं होतं, देवळात चपला घालून जाऊ का.

ठरलं तर. कुकर.

पाकिटात उरलेला पास्ता दोन वाट्या भरला. तेलात लसूण-कांदा परतला, टोमॅटो, मसाला, सिमला मिरची, गाजर घातलं, पास्ता टाकला, तो जेमतेम बुडेल एवढं पाणी घातलं आणि झाकण लावलं. किती शिट्ट्या? मुलीने फोनवर शोधलं. एकजण म्हणाला दोन, दुसरा म्हणाला पास्ता कुकरमध्ये लावणं हा गुन्हा आहे. मी दोघांनाही मानलं नाही. एक शिट्टी झाली, गॅस बंद केला, आणि थांबायला वेळ नव्हता म्हणून चमच्याने शिट्टी उचलली.

टोमॅटोची एक लाल धार सरळ वर गेली, तिथून भिंतीवर, भिंतीवरून माझ्या बनियनवर. कुकर किंचाळत होता, मीही. गॅलरीतून वडिलांचा आवाज आला, "भोंगो झालो! चला, सुट्टी!"

झाकण उघडलं. तळाला थोडं लागलं होतं. बाकी पास्ता लालसर, चकचकीत, एकेक नळी उभी. मी एक तोंडात टाकली. सांगतो ते खरं, मला रडू आलं. जीभ भाजली होती म्हणून, पण त्यात थोडं दुसरंही होतं.

ताटली घेऊन आईपुढे गेलो. तिने बघितलं, हात पुढे केला नाही. म्हणाली, "माझा दूधच बरा."

आणि मी बोललो. मी आईला आजवर उलट बोललो नाही असं नाही, पण ते नेहमी माझ्यासाठी, माझ्या फायद्यासाठी. या वेळी मी म्हणालो, "आई, नको असेल तर नको खाऊस. पण तुझ्या उपासाची आणि तिच्या पोहण्याची गाठ मारू नकोस. टोप मी काढला. ती तिकडे पाण्यात आहे, तिला यातलं काही माहीतसुद्धा नाही. ती पुढच्या गुरुवारी जाणार. त्याच्या पुढच्याही. मी रांधीन. करपलं तर करपलेलं खाऊ, पण ती जाणार."

बनियनवर टोमॅटो ओघळत होता, त्यामुळे भाषणाचा जेवढा रुबाब पडायला हवा तेवढा पडला नाही. आई पोथीकडे बघत राहिली. मुलीने फोन खाली ठेवला, जे आमच्या घरात दुखवट्यालाच होतं.

बेल वाजली.

बायको आत आली. केस ओले, खांद्यावर टॉवेल, हातात ठिबकणारी पिशवी, अंगाला तलावाच्या औषधाचा वास. तिने एकदा माझं बनियन बघितलं, एकदा गॅलरीतल्या सासऱ्यांना, आणि मग मोरीत पालथा पडलेला टोप.

"माशांच्या टोपात?" तिने विचारलं. चोवीस वर्षांपूर्वी ती या घरात आली. तिला एका नजरेत कळलं.

"आधी. आता कुकरमध्ये केलाय."

ती पिशवी हातात धरूनच उभी राहिली. मग सासूकडे वळून म्हणाली, "राहू द्या, आई. मी नाही जाणार पुढच्या वेळी. नाहीतरी मला तरंगताच येत नाही. तासभर नुसता कठडा धरून होते."

"जाणार," मी म्हणालो.

"अहो..."

"अहो नाही नि काहो नाही. जाणार म्हणजे जाणार."

"तू गप रव," आई मला म्हणाली. मी गप राहिलो, धैर्य साधारण तेवढंच शिल्लक होतं. आईने चष्मा काढला आणि सुनेला विचारलं, "पाणी किती असता थंय?"

"चार फूट, आई."

"चार फूट?" आईचं माहेर खाडीकाठचं. तिच्या चेहऱ्यावर तोच भाव आला, जो बाजारात शिळे बांगडे बघून येतो. "चार फुटांत म्हस बुडना नाय. आणि थंय कठडो धरून उभी? खोलात जाऊक येयपर्यंत सोडूचा नाय. अर्ध्यात सोडून घराक येवची लाज नाय?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. ओरडा कोणाला बसलाय हेच नीटसं कळत नव्हतं.

मग सगळे बसलो. पोहून आल्यावर भूक किती लागते, हे आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बायकोने पहिली ताटली संपवली, दुसरी संपवली, आणि काही न बोलता कुकर जवळ ओढून तळाचं लागलेलं खरवडून खाल्लं. वडील गॅलरीतून येऊन "माका थोडा?" म्हणाले, त्यांना रिकामा कुकर दाखवला. आईच्या वाट्याला जेमतेम तीन चमचे आले. ते तिने लिंबाच्या लोणच्याबरोबर, एकेक नळी नीट न्याहाळत खाल्ले, आणि रिकामी ताटली माझ्या हातात दिली.

"पुढच्या गुरवारी अख्खा पाकीट घाल," ती म्हणाली. "ता पाण्यातसून येतला, भूक लागतली. माका तीन चमच्यांनी उपास सोडूची पाळी आणलंस."

आणि दूध गरम करायला मलाच सांगितलं.